पसंत पडलेली शीट

माझ्या बायकोने मला दोनदा नाकारलं होतं. पहिल्यांदा फोटो बघून, दुसऱ्यांदा प्रत्यक्ष बघून. तिसऱ्यांदा होकार दिला तेव्हा तिच्या आईने कारण विचारलं. "बाकीचे जास्त वाईट होते," असं देवयानी म्हणाली आणि माझ्या सासूबाई हे वाक्य आजही दर व्हिडिओ कॉलवर लेकीच्या कौतुकाने सांगतात.

मी तक्रार करत नाहीये. देवयानीची पसंती हे काय प्रकरण आहे ते आधीच कळलेलं बरं, म्हणून सांगतोय. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतो. इथल्या इंडियन ग्रोसरीत भेंडीच्या खोक्यावर 'कृपया भेंडीची टोकं मोडून बघू नयेत' अशी पाटी आहे. ती देवयानीमुळे लागली. पाटी वाचून तिने मालकाला गाठलं आणि विचारलं, "मग भेंडी कोवळी आहे हे ओळखायचं कसं, तुमच्या चेहऱ्यावरून?" तेव्हापासून तो तिच्यासाठी वेगळी भेंडी आतून आणून देतो. तीही ती मोडून बघते.

नोकरीही तिला शोभेल अशीच मिळाली आहे. एका औषध कंपनीत ती व्हॅलिडेशनचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय चुकलंय ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी हेच काम ती फुकटात करते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा ती पर्समध्ये काचेची गोटी घेऊन फिरायची. एजंट किचन दाखवत असताना ही बैठकीत गोटी जमिनीवर ठेवून तिच्याकडे टक लावून बसायची. गोटी घरंगळली की घर बाद. आमचा एजंट शैलेंद्र हा इंदूरचा हसतमुख माणूस होता, पण शेवटी शेवटी तो दार उघडून देऊन गाडीतच बसून राहायचा. जे घर घेतलं त्यातही गोटी थोडी हलली होती. त्याबद्दलचं बोलणं मी अजून ऐकतो.

अशा बाईच्या घरात माझे वडील राहायला आले.

अण्णा, म्हणजे विष्णू पांढरीपांडे, नागपूरला वीज मंडळात मीटर तपासनीस होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या मीटरमधल्या भानगडी पकडल्या. रिटायर झाल्यावर मीटर संपले, तेव्हा ते माणसांकडे वळले. आई होती तोवर बराचसा प्रसाद तिला मिळायचा. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि अण्णा धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला लागले. गेल्या उन्हाळ्यात ते बाथरूममध्ये घसरून पडले आणि सकाळी पोळ्या करणाऱ्या बाई येईपर्यंत तिथेच पडून होते. हे आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं. मी विमान पकडून गेलो आणि त्यांना घेऊन आलो. ग्रीन कार्डाचे सोपस्कार आधीच झालेले होते. आता इथेच राहायचं, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

अण्णांनी मात्र तसं काही ठरवलं नव्हतं. इथल्या दुधाला साय नाही. रस्त्यावर माणूस नाही. "कुत्री आहेत, पण भुंकत नाहीत. काहून?" देवयानी पुण्याची, ती वरणात गूळ घालते, तर तो दोष त्यांना अमेरिकेचा वाटायचा. तिला त्यांची तेलाचा तवंग आलेली तर्री बघून घाम फुटायचा. दोघं एकमेकांशी इतकं अदबीने बोलायची की ऐकणाऱ्याला भीती वाटावी. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झाल्याचं मी पाहिलं नव्हतं.

पण अण्णांचं खरं दुखणं कॅरम होतं. नागपूरला रोज संध्याकाळी ते क्लबात जाऊन खेळायचे. मी जन्मलो त्या संध्याकाळीही खेळत होते, आणि राणी घेऊन, तिच्यावर कव्हर घेऊन मगच दवाखान्यात आले, असं आई सांगायची. म्हणून मी मोठ्या हौसेने ऑनलाइन बोर्ड मागवला. अण्णांनी पावडर टाकली, एक स्ट्रायकर मारला आणि हात मागे घेतला. सोंगट्या हळूहळू, लाजत लाजत, बोर्डाच्या मध्यभागी गोळा होत होत्या.

"शार्दूल," अण्णा म्हणाले, "याच्यात कणीक भिजव. परात आहे ही."

त्याच रात्री जेवताना त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. दिवाळी झाली की नागपूर. मी बोललो, समजावलं, आवाज चढवला. पुन्हा पडलात तर, असं विचारलं.

"पडलो तर माझ्या घरात पडीन," अण्णा म्हणाले. "तू नको काढू. मी पुतण्याला सांगतो, तो काढून देईल."

शेवटी मीच तिकीट काढलं. मला संताप आला होता. आणि संतापाच्या खाली नुसती भीती होती. त्या बाथरूमची फरशी मी जाऊन पाहिली होती. तिच्यावर म्हातारा माणूस रात्रभर पडून राहतो म्हणजे काय, हे मला दिवसाढवळ्या दिसायला लागलं होतं.

 त्या रात्री ताटं उचलल्यावर देवयानीने पर्समधून ती जुनी गोटी काढली, त्या बोर्डवर काठाशी ठेवली आणि सोडली. गोटी सरळ मध्यभागी जाऊन बसली.

"परातच आहे," ती म्हणाली. अण्णांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "बोर्ड मी करते."

आता हे लक्षात घ्या, की आमच्या घरात भिंतीवर घड्याळ लावायलाही माणूस येतो. देवयानीने उभ्या जन्मात खिळा ठोकलेला नव्हता. आमची नेत्रा चौदा वर्षांची आहे आणि आईबद्दल तिला काही भ्रम नाहीत. ती फोनमधून मान वर करून म्हणाली, "मॉम, यू डोन्ट इव्हन ओन अ हॅमर." देवयानीने पुढच्या शनिवारी हातोडा आणला. दोन आणले होते, एक परत केला.

चांगला कॅरमबोर्ड बर्चच्या प्लायवूडचा असतो, एवढं तिला व्हिडिओ बघून समजलं. मग ती कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेली आणि 'बर्च' असं लिहिलेली एक शीट घेऊन आली. दिसायला ती देखणी होती. गोरीपान, गुळगुळीत, एक गाठ नाही. देवयानीने वरून, खालून, तिरपी धरून पाहिली आणि पास केली. मला आश्चर्यच वाटलं. इतक्या चटकन ती कुणावर भाळत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

शीट कापल्यावर तिचं खरं रूप बाहेर आलं. कापलेल्या कडेला पाहिलं तर आत जाड जाड पाचच थर होते, तेही कसल्या तरी मऊ, हलक्या लाकडाचे. बर्च फक्त वर, कांद्याच्या पापुद्र्याइतकं. मधल्या थरात जागोजाग पोकळ्या होत्या, एकीत तर नेत्राची करंगळी गेली. देवयानीने जरा जोरात पॉलिशपेपर मारला तर पापुद्रा उडून खालचं लाकूड दिसायला लागलं. उरलेला तुकडा चार दिवस गॅरेजमध्ये ठेवला, तर तो दमट हवेने असा वाकला की त्यात खरोखरच कणीक भिजवता आली असती.

"मेकअप," देवयानी म्हणाली. या एका शब्दात तिने त्या शीटची विल्हेवाट लावली. नंतर ती कापलेली शीट घेऊन दुकानात परतही करायला गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत पैसे परत घेऊन आली. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारल्यावर देवयानीने तिला इतक्या तपशिलात सांगितलं की मागची रांग दुसऱ्या काउंटरवर गेली.

मग पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. खरी शीट कडेवरून ओळखायची, वरून नाही. थर पातळ हवेत, सारख्या जाडीचे हवेत आणि वरपासून खालपर्यंत सगळे बर्चचेच हवेत. अर्ध्या इंचात नऊ. मध्ये पोकळी नको, एकावर एक चढलेला थर नको. वरचा थर जाड हवा, म्हणजे घासायला जीव राहतो. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असलो तरी मागून हे चालू असायचं. माझ्या मॅनेजरला आता बर्चबद्दल बरीच माहिती आहे.

असली शीट राली शहराबाहेरच्या एका लाकडाच्या वखारीत मिळते असं कळलं. आम्ही निघालो तर अण्णा आधीच बूट घालून गाडीत बसलेले.

"मी पण येतो," ते म्हणाले. "तुम्ही पुन्हा परात आणाल."

वखारीतला ड्वेन हा आडवातिडवा, दाढीवाला, अतिशय सभ्य माणूस होता. सुरुवातीला. त्याने शीटची थप्पी दाखवली आणि वरची उचलून दिली. देवयानीने पर्समधून टॉर्च काढला आणि ती शीटच्या कडेकडेने, चारही बाजूंनी, इंच इंच बघत फिरली. मग एक डोळा मिटून कडेच्या रेषेत पाहिलं. मग शीट आडवी करायला लावून गोटी सोडली. गोटी घरंगळली. शीट बाद. दुसरीच्या मधल्या थरात तिला टाचणी जाईल एवढं भोक सापडलं. बाद. तिसरीच्या पाठीवर गाठी काढून लावलेली लांबट ठिगळं होती. "पाठीवर चालतात, मॅम," ड्वेन म्हणाला. "मला नाही चालत," मॅम म्हणाल्या.

अण्णा वेगळीच तपासणी करत होते. शीट उभी राहिली की ते तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, दोन पावलं सरकून पुन्हा टकटक करायचे. बाजारात टरबूज घेताना करतात तसं. बद्द आवाज आला की ते नुसतीच मान हलवायचे. ज्या जागी त्यांनी मान हलवली तिथे देवयानीने टॉर्च मारला, तर कडेला आतली पोकळी दिसली. तिने अण्णांकडे पाहिलं.  त्यानंतर प्रत्येक शीटला ती आधी टॉर्च मारायची आणि मग बाजूला सरकून त्यांना जागा द्यायची.

"मी मीटरचे डबे असेच वाजवायचो," अण्णा मला म्हणाले. "आत कोणी काही कोंबून ठेवलं की आवाज बदलते." मग देवयानीकडे बघत जरा मोठ्याने, "आम्ही हिला पाहायला आलो होतो तेव्हा इतकं पाहिलं नव्हतं."

"तुम्ही नव्हतं पाहिलं," देवयानी टॉर्च न हलवता म्हणाली. "मी पाहिलं होतं."

अण्णा हसले. आई गेल्यापासून ते हसलेले मला आठवत नव्हतं. मी उगाच ड्वेनकडे वळून हवापाण्याचं बोलायला लागलो, कारण डोळे चोळायला लाकडाच्या भुशाचं निमित्त किती वेळ पुरणार?

एव्हाना थप्पी जवळजवळ तळाला गेली होती. ड्वेनची सभ्यताही. खालून एक शीट निघाली, तिच्या कडेला नऊ रेघा वहीच्या पानासारख्या सरळ होत्या. देवयानी चारही बाजूंनी फिरून आली आणि टॉर्च बंद केला. अण्णांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवलं. सगळीकडे एकच आवाज, ठणठणीत. गोटी ठेवली. गोटी जिथे ठेवली तिथेच राहिली.

"ही," दोघं एकदमच म्हणाली. आणि मग दोघांनाही लाज वाटल्यासारखं झालं.

ही शीट चौकोनी असते, पाच फूट बाय पाच फूट. आमच्या मिनीव्हॅनमध्ये ती मावेना. ड्वेनने ती यंत्रावर उभी-आडवी कापून चार सारखे चौकोन करून दिले. प्रत्येक चौकोनातून एक बोर्ड निघणार होता. आम्हाला हवा होता एकच. देवयानीने उरलेले तीन गॅरेजमध्ये सपाट ठेवले आणि त्यांच्यावर माझ्या इंजिनियरिंगच्या पुस्तकांचं वजन ठेवलं. त्या पुस्तकांचा इतका उपयोग यापूर्वी झाला नव्हता.

मग काम सुरू झालं. देवयानी ऑफिसातून आली की गॅरेजमध्ये जायची. गॉगल, मास्क, माझा जुना टीशर्ट. अण्णा घडीच्या खुर्चीत बसून नावं ठेवायचे. कोपऱ्याचं भोक गोल नाही. फ्रेमचा सांधा दिसून राहिला. ती ऐकून घ्यायची, मोजून बघायची आणि त्यांचं खरं निघालं की सरळ पुन्हा करायची. तिचं खरं निघालं की ते गप्प बसायचे. मी एकदा उत्साहाने चहा घेऊन गेलो तर दोघांनी मिळून मला कप बोर्डपासून किती लांब ठेवायचा ते सांगितलं. मी माझ्याच गॅरेजमध्ये परका झालो होतो, आणि मला ते फार आवडत होतं.

तिकिटाचा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. अण्णांनी बॅग पलंगाखालून काढून भिंतीशी उभी करून ठेवली होती. मी रोज तिच्याकडे बघून पुढे जायचो.

खंडेनवमीच्या दिवशी देवयानी सकाळीच ऑफिसला गेली. आदल्या रात्री बोर्डच्या पृष्ठभागाला शेवटचा बारीक पॉलिशपेपर मारून झाला होता. आता रेषा आखायच्या आणि लॅकरचा हात द्यायचा, एवढंच बाकी होतं. ते उघडं बर्च असं दिसत होतं की त्याच्यावर श्वाससुद्धा जपून सोडावा. मी घरूनच काम करत होतो. दुपारी काही खायला म्हणून खाली आलो, तर गॅरेजमधून उदबत्तीचा वास आला.

अण्णांनी हत्यारांची पूजा मांडली होती.

ड्रिल, लाकूड घासायचा सँडर, दोन्ही करवती, पट्टी, गॉगल, तो हातोडा, सगळं एका ओळीत. प्रत्येकाला ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावलेली. मागच्या अंगणातली झेंडूची फुलं वाहिलेली. पुढे वाटीत साखर. वीज मंडळात असताना ते दर खंडेनवमीला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरची पूजा करायचे. आई नैवेद्य करायची. ती गेल्यापासून त्यांनी देवापुढे साधं निरांजनही लावलं नव्हतं. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायचे. आज त्यांनी आपणहून हात जोडले होते, तेही माझ्या बायकोच्या सँडरला.

मी भरल्या मनाने पुढे गेलो आणि जागीच थांबलो. हत्यारांच्या मागे बोर्ड भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याही माथ्यावर, बरोबर मध्ये, हळदीकुंकवाची ठसठशीत पाच बोटं ओढलेली होती. हळद कोऱ्या लाकडात मजेत उतरत होती.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. "हत्यारांना लावलं आणि वस्तूला नाही, असं कसं चालेल?"

 टाचणीएवढ्या भोकासाठी शीट नाकारणारी बाई साडेपाचला घरी येणार होती. मी वर जाऊन मीटिंगमध्ये बसलो आणि कॅमेरा बंद ठेवला.

देवयानी आली. गॅरेजचं दार वर गेलं. मी आणि नेत्रा जिन्यातून धावत खाली आलो. नेत्राने बोर्ड पाहिला आणि "ओह नो" एवढंच पुटपुटली. देवयानी बोर्डासमोर उभी होती. खांद्यावरची पर्सही तिने काढली नव्हती. मग तिने टॉर्च काढला, डाग बघितला, बोटाने चाचपला. 

तिचा चेहरा बघून अण्णांच्या लक्षात आलं.

"निघत नाही का हे?" त्यांनी विचारलं. खुर्चीचा हात धरून ते उठले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्याच्यानं चूक झाली. मला वाटलं... जाऊ दे. फेकून दे तो. नाहीतरी मी चाललोच आहे."

"फेकून दे?" देवयानी गर्रकन वळली. इतक्या वर्षांची सगळी अदब त्या क्षणी संपली. "फेकून काय दे, अण्णा? दोन महिने मी इथे भुसा खाल्लाय! त्या ड्वेनच्या शिव्या खाल्ल्या! आणि तुम्ही खुशाल फेकून दे म्हणता? आणि चाललो, चाललो काय लावलंय सारखं? कुणासाठी करतेय मी हा? तुमच्या या मुलाला स्ट्रायकर कुठल्या बोटाने मारतात ते माहीत नाही!"

अण्णा उभेच राहिले. मीही. माझ्यावरचा आरोप खरा होता.

देवयानीने श्वास घेतला. मग आवाज खाली आणून, व्हॅलिडेशनच्या आवाजात बोलायला लागली. "वरचा थर जाड आहे. घासलं तर डाग निघेल. पण एकाच जागी घासलं की तिथे खड्डा पडणार. सोंगटी तिथे वळणार." तिने गोटी काढली, बोर्ड आडवा केला आणि गोटी बरोबर त्या पिवळ्या-लाल बोटांवर ठेवली. गोटी हलली नाही. "डाग चालेल मला. खड्डा नाही चालणार."

"तुला डाग चालेल?" हा प्रश्न मी विचारला. मला राहवलं नाही.

"तू गप्प बस," देवयानी म्हणाली. मग अण्णांकडे न बघता, पट्टी शोधत असल्यासारखं करत म्हणाली, "ही बाजू तुमची. खूण आहे म्हणजे बसण्यावरून भांडण नको. तुम्ही नसाल तर त्या बाजूला कुणी बसायचं नाही."

 अण्णांनी वाटीतली साखर उचलली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती तिथेच, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, खाल्ली.

लॅकरखाली तो डाग अजूनच उठून दिसायला लागला. पाडव्याच्या दुपारी फराळाच्या ताटल्या बाजूला सारून बोर्ड मांडला. अण्णा आपल्या खुणेच्या बाजूला बसले, समोर नेत्रा. मी आणि देवयानी विरुद्ध. अण्णांची फ्लाइट शुक्रवारी होती. मी चकलीचा तुकडा तोंडात धरून बसलो होतो.

अण्णांनी पावडर टाकली, तळहाताने सगळीकडे फिरवली. स्ट्रायकर लावला. मारला. काय सांगू, तो आवाज! सोंगट्या चारी दिशांना सुटल्या, काठांवर आपटल्या, परत आल्या आणि जिथे थांबायचं तिथे थांबल्या. एकही मध्याकडे लाजत गेली नाही. दोन आत गेल्या. नेत्रा ओरडली, "आजोबा, दॅट वॉज सिक!" अण्णा बोर्डाकडे बघत राहिले. देवयानी अण्णांकडे बघत राहिली. पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढणारी ही बाई आज हात मांडीवर घट्ट धरून बसली होती.

अण्णा वाकले. एक डोळा मिटून त्यांनी बोर्डाच्या रेषेत पाहिलं. पेराने दोन ठिकाणी वाजवलं.

"तो डावा कोपरा," ते म्हणाले.

"काय झालं डाव्या कोपऱ्याला?"

"भोक कणभर आत आहे."

देवयानीने वाकून पाहिलं. मान्य करणं तिच्या जिवावर आलं होतं, पण ती खोटं बोलत नाही. "आहे," ती म्हणाली. "पुढच्यात काढते ती चूक."

"पुढचा? कोणता पुढचा?"

"शीटमधले तीन चौकोन आहेत ना अजून. शार्दूलच्या पुस्तकांखाली. इथल्या मराठी मंडळाला बोर्ड हवेत, मी हो म्हणून बसलेय. एकेक करून करीन, उन्हाळ्यापर्यंत होतील."

अण्णांनी स्ट्रायकर उचलला, हळदीच्या बोटांपुढे रेषेवर नीट लावला, पुन्हा उचलला. मग सगळ्यांकडे एकदा पाहून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि ते तपासणार कोण? हा? हा भैताड परात घेऊन आला होता!" त्यांनी स्ट्रायकर पुन्हा रेषेवर ठेवला. "ते शुक्रवारचं तिकीट पाहून घे बे तू. उन्हाळा होऊ दे. आता मध्ये बोलू नको, डाव चालू आहे."

बापाकडून मी जन्मभर बरंच ऐकून घेतलं आहे. पण भैताड म्हटल्यावर डोळ्यांत पाणी येण्याची ही माझी पहिलीच वेळ होती.